आई, नळ बंद कर ना

माझी लेक हल्ली माझ्याशी फोनवर फार छान बोलते, आणि तेच मला खातंय. शब्द पूर्ण, वाक्यं पूर्ण, मधे कुठे ‘अगं’ नाही, ‘थांब गं जरा’ नाही, चिडणं नाही. “मी बरी आहे. जेवण झालं. काम व्यवस्थित चालू आहे. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना?” शेजारी बसून कुणी ऐकलं तर म्हणेल, किती गुणी मुलगी. पण हा तिचा कामाचा आवाज आहे. जगाला विकायचा. माझ्या वाट्याला तो चौतीस वर्षांत कधी आला नव्हता. माझ्या वाट्याला यायचा तो घरातला, घोगरा, अर्धं वाक्य गिळणारा. गेले चार महिने तो आलेला नाही. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. इतक्या स्वच्छ आवाजाला काय उत्तर द्यायचं?

ती पुस्तकं वाचते. म्हणजे माइकसमोर बसून, मोठ्याने. लोक ती कानात घालून ऐकतात, भांडी घासताना, गाडी चालवताना, झोप येत नसताना. नातेवाइकांना हे काम समजावता समजावता माझी दमछाक झाली. “वाचायचे पैसे मिळतात? मग आम्ही शाळेत काय फुकटच वाचलं म्हणायचं,” असं माझा दीर म्हणाला होता.

लहानपणी ती दिसेल ते वाचायची. तिचे बाबा तिला रेडिओ म्हणत. औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागद हे तिचं आवडतं वाङ्मय. त्यातले दुष्परिणाम ती अशा काही आवाजात वाचायची, की एकदा यांनी गोळी हातात धरून ठेवली आणि म्हणाले, “हिचं वाचून होईपर्यंत मला सगळे झालेत. आता गोळी कशाला?”

कॉलेज झाल्यावर ती एका बँकेच्या फोनवर बसली. मग तिथल्याच एकाने तिचा आवाज लिफ्ट बनवणाऱ्यांना ऐकवला. दोन दुपारींत तिने सगळे मजले म्हणून टाकले, तळघरापासून विसाव्यापर्यंत. तो आवाज कुठे कुठे बसवला जाणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी यांना इस्पितळात नेलं तेव्हा लिफ्टचं दार मिटलं आणि वरून लेक म्हणाली, “तिसरा मजला. दरवाजे उघडत आहेत.” स्ट्रेचरवर पडल्या पडल्या हे हसले. “रेडिओ म्हणतोय तिसरा, म्हणजे तिसराच असणार.” अकरा दिवसांनी आम्ही दोघी त्याच लिफ्टने खाली आलो, यांच्याशिवाय. “तळमजला,” ती वरून म्हणाली. आणि ती माझ्या शेजारी उभी होती, ओठ घट्ट मिटून.

पुस्तकांचं काम त्याआधी चार वर्षं सुरू झालं होतं. भाड्याच्या दोन खोल्या, त्यात भिंतीतलं मोठं कपाट. कपडे काढून तिने खाटेखाली कोंबले आणि कपाटाला आतून गोधड्या ठोकल्या. तेच तिचं कार्यालय. पहाटे पाचला, पाण्याचा पंप आणि शाळेच्या गाड्या सुरू व्हायच्या आत ती आत शिरते. आत जाण्याआधी पंखा बंद, फ्रिज बंद, फोन दुसऱ्या खोलीत उशीखाली. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून ती घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवते. म्हणजे बाहेर पडताना गार किल्ली हातात येते आणि आठवण होते. अंगात जुना मऊ सदरा, कारण नवं कापड सळसळतं. पोट रिकामं ठेवायचं नाही, ते गुरगुरतं. फार भरायचं नाही, ढेकर येतो. तोंडात चिकट आवाज होऊ लागले की हिरव्या सफरचंदाचा एक घास. आणि मग तीन तास, न हलता, कधी म्हातारा होऊन, कधी सात वर्षांची पोर होऊन. मी एकदा बाहेरून दार किलकिलं करून पाहिलं. घामाने निथळत ती एका राजदूताचं भाषण करत होती.

वाचून झालं की कच्ची फाइल जाते तिच्या कंपनीतल्या ध्वनी साफ करणाऱ्याकडे. तो चुकलेली वाक्यं काढतो, श्वास कमी करतो, खोकला उडवतो. लेक त्याला कात्री म्हणते. आमच्याकडे तेच त्याचं नाव होऊन बसलं. चाळिशीचा, किडकिडीत, घरात अंथरुणाला खिळलेले वडील. एकदा लेकीकडे भेटला तेव्हा मला म्हणाला, “काकू, सहा वर्षं तुमच्या लेकीचे श्वास कापतोय. साठवले असते तर पोतं भरलं असतं.”

“मग द्या की एखादं आणून,” मी म्हटलं. “मला जिना चढताना कामाला येतील.”

कात्रीच्या आधी एक पायरी होती, ती फक्त आम्हा दोघींना ठाऊक. लेक कच्ची फाइल मला पाठवायची. मी तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली. समोर पुस्तक घेऊन मी ऐकायची आणि पान, ओळ, चूक असं लिहून कळवायची. तिच्या करारात स्पष्ट होतं की प्रत कोणालाही द्यायची नाही, घरच्यांनाही नाही. तिने तो नियम माझ्यासाठी मोडला होता. म्हणायची, तुझा कान चांगला आहे. पण हे गेल्यानंतर माझ्या घरात कुणाचा तरी आवाज असावा, हे खरं कारण. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, मीही नाही.

गेल्या थंडीत तिच्याकडे एका दीपगृहाच्या रखवालदाराची जाडजूड कादंबरी आली. चोवीस तासांचं वाचन. मी तेव्हा तीन आठवडे तिच्याकडे राहायला होते. नवव्या प्रकरणात रखवालदाराच्या बायकोचं पत्र येतं. ते वाचायला तिने चार दिवस स्वतःला तयार केलं होतं. ती आत, मी स्वयंपाकघरात. मला वाटलं, एवढासा पेला विसळायला काय होतंय. तर कपाटातून आवाज आला, “आई, नळ बंद कर ना.” चिडका नाही, दमलेला. लहानपणी तापात पाणी मागायची तसा. मी बंद केला. तिने वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

मी माझ्या घरी परतल्यावर ती फाइल आली. नववं प्रकरण मी तीनदा ऐकलं. त्यात चुका नव्हत्या.

माझी थोरली बहीण, आमची ताई, माझ्या समोरच्या इमारतीत राहते. दोन वर्षांत तिचे डोळे गेले. कडेकडेने दिसतं, मधलं सगळं पुसलेलं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड नाही. वाचनाचं वेड असलेली बाई खिडकीकडे तोंड करून बसून राहायची. त्या दिवशी मी गेले तर म्हणाली, “आलीस? बस. आम्ही भिंत वाचतोय.” मला राहवलं नाही. तिच्या फोनवर फाइल घातली. कशी लावायची, थांबवायची कशी, पुढे कशी पाठवायची, तेही शिकवलं. हो, पुढे पाठवायलाही मीच शिकवलं, कारण तिला सुनेला नातवाचे फोटो पाठवायचे होते. एवढंच बजावलं, “ताई, हे तुझ्यापुरतं हं.”

“मी कुणाला देतेय? मला कोण विचारतंय?”

ताईच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या अकरा बायका आहेत. तिसऱ्या दिवशी त्या अकरांना ताईने भाचीचा आवाज पाठवला. त्यांतल्या एकीच्या जावयाने तो ‘पुस्तकं सर्वांसाठी’ नावाच्या एका फुकट गटावर टाकला. तिथे चाळीस हजार माणसं आहेत. कंपनीने पुस्तक बाजारात आणलं त्याच आठवड्यात ते तिथे फुकट होतं, आणि तेही कच्चं. श्वासांसकट, अडखळण्यासकट, माझ्या नळासकट.

लेकीला निम्मे पैसे ऐकणाऱ्यांच्या संख्येवर मिळतात. ती संख्या दोन आठवडे जिथे होती तिथेच बसून राहिली. पण त्याहून वाईट वेगळंच होतं. त्या गटावर लोकांनी थट्टा चालवली. ‘आई, नळ बंद कर ना’ हे वाक्य त्यांना फार आवडलं. एकाने लिहिलं, संपूर्ण कादंबरीत हेच वाक्य मनापासून वाचलंय. दुसऱ्याने त्याची फोनची घंटा केली. कुणाला काही कंटाळवाणं वाटलं की खाली तेच, ‘आई, नळ बंद कर ना.’ मी हे सगळं वाचलं, एकेक ओळ. तिनेही वाचलं असणार. ती दिसेल ते वाचते.

कंपनीच्या निर्मातीबाईंनी तो नळ ऐकला आणि ताबडतोब ओळखलं की विकलेली प्रत फुटलेली नाही. ही कच्ची आहे, आणि कच्ची दोघांकडेच असते. वाचणारीकडे आणि कात्रीकडे.

त्या रात्री लेकीचा फोन आला, तिच्या खऱ्या आवाजात, सगळी वाक्यं तुटकी. “आई, ती फाइल... तुझ्याकडून कुठे गेली का गं? चुकून? रागावणार नाही, फक्त सांग.”

मी म्हटलं, “माझ्याकडून? मला ते पुढे पाठवायचं वगैरे तरी येतं का?”

तीस वर्षं मी परीक्षेत कॉप्या पकडल्या. बेंचाखालचा कागद माझ्या नजरेतून सुटायचा नाही. पकडली गेलेली मुलं हाच चेहरा करत, मला काय ठाऊक बाई, मला तर यातलं कळतच नाही. मला तो चेहरा पाठ होता म्हणूनच इतका चांगला जमला.

“तेच म्हणते मी,” ती म्हणाली. तिच्या आवाजात जी सुटका होती, ती मी जन्मात विसरणार नाही. “तू कशाला देशील?”

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला लिहून दिलं, ‘माझ्याकडून प्रत कुणाकडेही गेलेली नाही.’ ती फाइल मला पाठवायची हे तिने लपवलं, कारण तिथून पुढे गेली नाही याची तिला खात्री होती. मग उरला कात्री. पंधरा दिवसांत त्याला काढलं. तो म्हणे एवढंच म्हणाला, “मला ते वाक्य साफ करताना ठेवून द्यावंसं वाटलं होतं. पण ठेवलं नाही. कापलं.” आता तो बसस्टॉपजवळ एका मोबाइलच्या दुकानात फोनच्या काचा बदलतो. लेकीने दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. तिचे श्वास हल्ली एक सॉफ्टवेअर कापतं. त्यानंतर आलेली दोन्ही पुस्तकं मी ऐकली, दुकानातून विकत घेऊन. आवाज धुऊन पिळून वाळत घातल्यासारखा. विकत घ्यायचं कारण, आता ती मला फाइल पाठवत नाही. म्हणाली, कंपनीने नियम कडक केलेत. मी म्हटलं, बरोबरच आहे.

मधल्या काळात मी सार्वजनिक वाचनालयात गेले. कशाला, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुतेक इतरांचा दोष शोधायला, की पुस्तकं महाग म्हणून लोक चोरतात, गरिबाने काय करावं वगैरे. काउंटरवरच्या ग्रंथपालबाई मला म्हणाल्या, “अहो, ऐकायची पुस्तकं इथे फुकटच आहेत. कार्ड काढा, फोनवर घ्या, तीन आठवड्यांनी आपोआप परत जातात. नव्या पुस्तकाला रांग असते तेवढीच. आणि वाचणाऱ्यालाही त्याचे पैसे मिळतात.”

मी विचारलं, “आणि ज्यांना दिसत नाही?”

“त्यांची रांगसुद्धा नाही. डॉक्टरांचा कागद आणि हा फॉर्म. दोन पानी आहे. पुस्तकं घरपोच, ऐकायचं यंत्रही देतो. आणि ज्या पुस्तकांचे हक्क संपलेत ती तर कुणीही वाचून ठेवतं, कुणीही ऐकतं. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर येतात दर मंगळवारी वाचायला. आवाज भसाडा आहे, पण लोक ऐकतात.” मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून, “कुणासाठी हवंय?”

वाचनालय माझ्या घरापासून दोन थांब्यांवर आहे. मी तिथे शाळेची मुलं घेऊन वर्षानुवर्षं गेले. दोन पानी फॉर्म. तो भरायला मला दहा मिनिटं लागली असती.

परवा मी तो भरून ताईकडे सही घ्यायला गेले. सही कुठे करायची ते दाखवायला तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं. यंत्र मिळेल, रखवालदाराची कादंबरीही मिळेल, साफ केलेली, असं सांगितलं.

“ती कशाला?” ताई म्हणाली. “माझ्याकडे आहे की. आणि तू दिलेली चांगली आहे. त्यात ते नळाचं आहे. किती घरातलं वाटतं.”

“ताई, त्या नळापायी एका माणसाची नोकरी गेली.”

“नळापायी? काहीतरीच. उलट पोरीची केवढी जाहिरात झाली. चाळीस हजार लोकांनी ऐकलं म्हणे. पैसे टाकून मिळत नाहीत एवढे कान.”

“तिला पैसे ऐकण्याचेच मिळतात ना.”

“मग ऐकलंच की लोकांनी,” ताई म्हणाली. मग ती सही करता करता म्हणाली, “मी तर तिला तेव्हाच सांगितलं. वाढदिवसाला फोन केला होता ना मी. म्हटलं, मावशीला रडवलंस गं, ते पत्र आणि ते नळाचं. तर विचारते, मावशी, तुला कुठून मिळालं? म्हटलं, कुठून म्हणजे? तुझ्या आईनं दिलं. तुझं पुस्तक बाजारात यायच्या आधीच आमच्याकडे होतं. आहेस कुठे?”

“मग? काय म्हणाली?”

“काही नाही. फार गोड बोलली हो पोर. म्हणाली, ‘ऐकून फार आनंद झाला. तब्येतीची काळजी घ्या.’ मला अहोजाहो करत होती वेडी.”

लेकीच्या वाढदिवसाला परवा चार महिने झाले.

म्हणजे कात्रीला काढल्यानंतर महिन्याभराने तिला कळलं होतं. कळल्यावर ती कंपनीकडे गेली नाही. गेली असती तर लिहून दिलेलं खोटं ठरलं असतं, काम गेलं असतं, गोधड्या ठोकलेलं कपाट पुन्हा कपड्यांचं झालं असतं. हे मला समजतं. पण माझ्याकडेही आली नाही. दर दोन दिवसांनी फोन करते, गोळ्यांची चौकशी करते आणि वाट बघते. पकडलेल्या मुलाला मीही अशीच वेळ द्यायची. कागद माझ्या हातात असायचा, तरी विचारायची, काही सांगायचंय का बाळ? बहुतेक मुलं पाचेक मिनिटांत रडून सांगून टाकायची. चार महिने कुणी घेतले नाहीत.

दोन रात्री मी हिशेब मांडला. तो कुणाच्याच बाजूने जमत नाही. मी सांगितलं तर तिचं काम जातं. नाही सांगितलं तर त्या माणसाच्या नावावर चोरी राहते. तो दुकानात काचा बदलत राहतो, घरी वडिलांना काय सांगतो देव जाणे. आणि माझी लेक रोज पहाटे त्या कपाटात शिरून माझं खोटं छातीवर घेऊन दुसऱ्यांची पत्रं वाचते. मी स्वतःची समजूत घालत होते की तिला वाचवायला गप्प आहे. तिला कसलं वाचवतेय. मला फक्त ‘तू खोटं बोललीस’ हे तिच्या तोंडून ऐकायचं नाहीये.

निर्मातीबाईंचा नंबर माझ्याकडे आहे. तिला न विचारता त्यांनाच फोन करावा, असं काल ठरवलंही होतं. पण तीही एक पळवाटच. आधी परस्पर दिलं, आता परस्पर कबूल करायचं. दोन्ही वेळा तिचं काय होणार ते मीच ठरवायचं. कंपनीच्या कागदावरची सही तिची आहे. आधी तिच्याशीच बोलायला हवं.

काय बोलायचं, ते लिहून काढलं होतं, शाळेतल्या सवयीने. अर्धं पान झालं. त्यात ताईचे डोळे होते, भिंत होती, जावई होता. मग सगळं खोडलं. एवढंच ठेवलंय की मी दिली, आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. मग म्हणेन, कंपनीला तू सांगतेस की मी सांगू. ‘कुणीच नको’ म्हणाली तर ऐकणार नाही. कात्रीच्या दुकानात मी स्वतः जाईन. त्याने काच बदलता बदलता वर पाहिलं नाही तरी उभी राहीन.

आता साडेचार वाजलेत. पावणेपाचला ती उठते, तोंड धुते, पाणी पिते. पाचला फ्रिज बंद होतो, किल्ली आत जाते, फोन उशीखाली जातो, आणि मग आठपर्यंत ती कुणाची नसते. मधली पंधरा मिनिटं आहेत. ती बहुधा म्हणेल, “सुप्रभात आई, इतक्या लवकर कशी उठलीस?” त्या स्वच्छ आवाजात. म्हणू दे. ते वाक्य तिला पूर्ण करू द्यायचं आणि मग माझं सांगायचं. त्यानंतर ती कुठल्या आवाजात बोलेल, बोलेल की ठेवून देईल, मला माहीत नाही.

चार पंचेचाळीस झाले की फोन लावते.